खालचा सूर

केस पांढरे व्हायला लागले तरी बँडमध्ये तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली, म्हणजे ताई, मधल्या माइकपाशी दिव्याखाली उभी राहायची आणि धाकटी तिच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे. कीबोर्डवर ताईचा नवरा, म्हणजे हिचे भावजी. ड्रम आणि गिटार वाजवणारे अधूनमधून बदलत. दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये ही मंडळी गायची आणि लोक काटेचमचे वाजवत जेवायचे. लोकांना गाण्यापेक्षा सूप गार होण्याची काळजी जास्त असते, हे धाकटीला केव्हाच कळून चुकलं होतं. तिचं त्यामुळे काही अडतही नव्हतं.

तिचं काम ताईच्या चालीखाली दुसरी चाल धरायचं. ताई वर चढली की हिने खालून, ठरलेलं अंतर राखून, सोबत चालायचं. या कामाची एक रीत असते. शब्द धरायचा, पण त्याचा शेवट गिळायचा. दोघींनी 'स' आणि 'त' ठासून म्हटले तर माइकमधून कुणी दोनदा थुंकल्यासारखं वाटतं. म्हणून शब्दांच्या कडा पुढच्या बाईच्या. मागचीने नुसता स्वर द्यायचा. धाकटी यात इतकी तरबेज होती, की ती गातेय हे हॉलमध्ये कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. ती एखाद्या शनिवारी आजारी पडली, तर मात्र लोक विचारायचे, आज बाईंचा आवाज बसलाय का? याहून मोठी शाबासकी तिला कधी मिळाली नाही, आणि तिने मागितलीही नाही.

दोघींची घरं एकमेकींना लागून होती. मधल्या भिंतीत एक दार होतं, त्याची कडी कधी लागली नव्हती. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, असा सगळा प्रकार. दिवसभर ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून धुसफुस, आणि स्टेजवर चढल्या की दोघी एकाच क्षणी श्वास घेणार.

मग ताईचा घसा धरला तो धरलाच. तपासण्या झाल्या. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला अजून काही आठवडे होते.

त्याच संध्याकाळी ताई मधल्या दारातून आत आली. "उद्यापासून वरची चाल शिकायला बस."

"मला येते की. इतकी वर्षं ऐकतेय."

"ऐकणं वेगळं. गाऊन दाखव बघू."

"काही नको. तू बरी झालीस की तूच गाशील."

"बरी होईन, गाणार नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा तू काय खिडकीतली कबुतरं बघत होतीस?"

"अभद्र बोलू नकोस, ताई."

ताई रोज यायची. धाकटीकडे रोज नवं निमित्त तयार असायचं: डोकं दुखतंय, कपडे भिजत पडलेत, उद्या नक्की. खरं कारण एकच होतं. ती चाल आपल्या गळ्यात उतरली, म्हणजे ताईच्या गळ्यातून ती गेलीच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शुद्ध वेडेपणा होता. पण आपल्याच हट्टाला माया म्हणायची माणसाला सोय असते, आणि धाकटीने ती पुरेपूर वापरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई बसक्या आवाजात म्हणाली, "माझ्या जागी तू उभी राहा. दुसरी कुणी उभी राहिलेली मला बघवणार नाही." ताईने स्वतःच्या आवाजात सांगितलेलं ते शेवटचं.

ऑपरेशन झालं, ताई वाचली. ओठ हलायचे, शब्द उमटायचा नाही. हॉटेलच्या मॅनेजरने भावजींना विचारलं, पुढे कोण गाणार? नाहीतर एक मुलगी आहे माझ्या माहितीत. ताईने धाकटीकडे बोट दाखवलं.

त्या शनिवारी ताई गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून पुढच्याच टेबलाशी बसली. धाकटी मधल्या माइकपाशी गेली. ताईचं ते संथ गाणं लोक दर वेळी मागायचे. त्यानेच सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी कशाबशा निभावल्या. धृपदाला ती किंचित डगमगली. तिला आधार द्यावा म्हणून भावजींनी वरची चाल कीबोर्डवर जोरात धरली, आणि तिथेच घात झाला. वरची चाल कानावर पडली की खाली जायचं, हेच तो गळा जन्मभर शिकला होता. ते जितकं जोरात वाजवत, तितकी ती इमानाने खाली जाई. शब्दांचे शेवटही सवयीने गिळले गेले. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई शेजारच्या खोलीत काहीतरी गुणगुणतेय.

तिने ताईकडे पाहिलं. ताईचे ओठ हलत होते. ती वरची चाल गात होती, शब्द न् शब्द, आवाजाशिवाय. धाकटीला रडू फुटायला आलं. मग ती तिच्या ओठांकडे बघत खालून गात राहिली आणि गाणं संपवलं.

मॅनेजर नंतर भेटला. माणूस वाईट नव्हता. "बाई, आवाज गोड आहे तुमचा," तो म्हणाला. "पण गाणं कुठलं होतं?"

दुसऱ्या दिवशी ताईने तिला कीबोर्डपुढे बसवलं आणि एका बोटाने वरची चाल वाजवली. धाकटी गायली, ती खालून. ताईने बोट उचललं, तर धाकटीचा सूरच हरवला. असं नाही, असं, हे दाखवायला ताईने तोंड उघडलं. स्कार्फखालून नुसती हवा फुसफुसली.

पुढच्या शनिवारी मधल्या माइकपाशी मॅनेजरच्या माहितीतली ती मुलगी आली. तिला खालचा सूर धरणारं कुणीतरी हवं होतं. भावजी म्हणाले, "तू येतेस का?" धाकटी गेली. डाव्या हाताला, एक पाऊल मागे उभी राहिली.

परतली तेव्हा ताई मधल्या दारात उभी होती. हनुवटी उचलून तिने विचारलं, कशी गाते?

"बरी गाते."

ताईने धाकटीच्या छातीशी बोट नेलं. आणि तू?

खोटं बोलता आलं असतं. पण सुराच्या बाबतीत ती ताईशी कधी खोटं बोलली नव्हती. "छान लागला," ती म्हणाली. "अगदी तुझ्याबरोबर लागायचा तसाच."

ताईने मान हलवली, मागे सरली आणि दार ओढून घेतलं. मग पलीकडून कडी लागली.