दर्शनाच्या साक्षीचा बॅनर

दर्शना माझी सख्खी धाकटी बहीण. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत अशी पोरगी दुसरी नाही, आणि हे मी भाऊ आहे म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. मी सातवीत शाळा सोडली, मंडपाचं काम धरलं आणि तिला बारावीपर्यंत शिकवलं. आज इकडे कुणाचं लग्न असो की जयंती, बांबू माझाच लागतो.

ती वागळे इस्टेटला अत्तराच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात होती. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण तुळसा. एक दिवस आग लागली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. दर्शना लेबलं आणायला पुढे गेलेली म्हणून वाचली. तुळसा आणि मागच्या सगळ्या बायका आतच राहिल्या. माल चोरीला जातो, दार लावून टाक, असं मालकाने सुपरवायझरला सांगितलेलं ते दोघींनी ऐकलेलं. आता ऐकलेली एकटी दर्शनाच, आणि पोलिसांनी तिला विचारलंच नाही.

विधानसभेत आवाज उठला, आमदारांची चौकशी समिती बसली आणि समितीने दर्शनाला साक्षीला बोलावलं. थेट विधानभवनात. आमच्या खानदानात तिथे आत कुणी गेलेलं नाही. मी त्याच दिवशी नाक्यावर माझ्या फ्रेमवर बॅनर लावला. दर्शनाचा जयंतीतला पांढऱ्या साडीतला फोटो, खाली ‘विधिमंडळ चौकशी समितीसमोर साक्ष देण्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि शुभेच्छुकांत पहिलं नाव माझं.

ती बघून म्हणाली, "दादा, निवड नाही झाली रे माझी. बोलावलंय."

"तेच ते," मी म्हटलं.

साक्षीला तीच साडी नेसायची म्हणून तिने इस्त्री करून ठेवली. तेवढ्यात मालक कोर्टात गेला. पोलीस केस चालू आहे, आमदारांनी परत चौकशी कशाला करायची, म्हणे. स्टे मिळाला. तो उठला तर इमारतीचा मालक कोर्टात गेला. त्याचा स्टे पण उठला. समितीने नवीन तारीख दिली, दर्शनाने साडीला परत इस्त्री केली, आणि सुपरवायझर कोर्टात गेला. त्याच्या वकिलाने आमच्या बॅनरचा फोटो जोडला. साक्षीच्या आधीच साक्षीदाराचं अभिनंदन चाललंय, म्हणजे समितीचा निकाल ठरलेलाच आहे, म्हणे. परत स्टे.

मी आजही सांगतो, बॅनरमध्ये काही चूक नव्हती. अभिनंदन करणं गुन्हा नाही. आणि ज्याचा बॅनर हायकोर्टात दाखवला असा दुसरा मंडपवाला मला आणून दाखवा.

आधी दर्शना तांदूळ निवडताना तोंडातल्या तोंडात म्हणायची, ‘मी ऐकलं, दार लाव म्हणाले.’ विसरायला नको म्हणून. मग ते पण बंद झालं. नळावर शेजारची शकू विचारायची, "काय गं, झालं का भाषण?"

"तारीख मिळायचीय."

"बॅनरचा रंग उडाला गं, तारीख काय मिळेना."

दर्शना हंडा उचलून घरात यायची.

मग निवडणूक जाहीर झाली. संध्याकाळी समितीच्या ऑफिसातून फोन आला. आता समिती बसणार नाही, हे सभागृह संपलं की समिती पण संपली. कोर्टात मात्र सुपरवायझरची केस तशीच पडून.

"मग मी कुणाला सांगायचं?" दर्शनाने विचारलं.

नवीन आमदार आले, नवीन समिती बसली, तर कळवू, असं तिकडून सांगितलं. तिने फोन चार्जिंगला लावला आणि भाजी फोडणीला टाकली. मी बराच वेळ ओरडत होतो, मालकाला, वकिलाला, सगळ्यांना. तिने ताट वाढलं.

"जेवून घे, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेची गाडी आली. आचारसंहिता लागलेली, नाक्यावरचे सगळे बॅनर उतरवत होते. माझ्या बॅनरला मी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः शिडी लावून उतरवला. दर्शना डबा घेऊन निघालेली, हल्ली ती दुसऱ्या कारखान्यात जाते. थांबली. बॅनरकडे बघितलं.

"पत्र्यावर टाक, मोरीत गळतंय," म्हणाली. "छापलेली बाजू खाली कर."

ती गेल्यावर मी पत्र्यावर चढलो, बॅनर पसरला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. छापलेली बाजू वरच ठेवली. स्टेशनच्या पुलावरून नाव वाचता येतं.