काट्यावर जास्तीचे पासष्ट किलो

आधीच सांगून टाकतो, या पानावरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी हसणाऱ्यांपैकी आहे. माझी बायको रेखा रात्री वाचून दाखवते आणि मी म्हणतो, "अगं झोप, त्या माणसाला गॅस झाला असेल." देव मानतो, पण त्यालाही फार त्रास देत नाही. माझा खरा विश्वास एकाच गोष्टीवर — वजनकाट्यावर. माणूस थापा मारतो, काटा मारत नाही. बावीस वर्षं भंगाराच्या धंद्यात काढली की माणूस असाच होतो.

आणि राव, नेमकं काट्यावरच माझ्या बाबतीत हे सगळं घडलं.

मी बालाजी. मूळचा लातूरकडचा, राहायला दिघीला, काम सगळं महाळुंगे-चाकण भागात. माझी पिकअप आहे. कंपन्यांमधून पुठ्ठा, मोडकी लाकडी पॅलेट, पत्र्याचे तुकडे उचलायचे आणि मोशीजवळच्या गोडाऊनला नेऊन टाकायचे. यात वजन कसं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडी आत शिरताना रिकामी काट्यावर घ्यायची, बाहेर पडताना भरलेली. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मालाचं वजन. वजनाच्या वेळी गाडीत कुणी बसायचं नाही, ड्रायव्हरनेसुद्धा खाली उतरायचं, हा नियम. कारण यातली जुनी चोरी अशी, की रिकाम्या गाडीत दगड लपवायचे, आत गेल्यावर ते हळूच टाकून द्यायचे, आणि तेवढ्या वजनाचा माल फुकटात बाहेर काढायचा. त्यामुळे रिकाम्या गाडीचं वजन वाढलेलं दिसलं की सिक्युरिटीवाले पहिल्यांदा तुमच्या तोंडाकडे बघतात.

पिकअप मूळची तात्यांची. तात्या म्हणजे महाळुंग्यातले जुने शेतकरी. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा भावकीने बंगले बांधले, तात्यांनी ही पिकअप घेतली आणि मला ड्रायव्हर ठेवलं. अकरा वर्षं ते माझ्या डावीकडे बसून फिरले. कामाला म्हणून नाही हं, एक खोका उचलला नाही त्यांनी कधी! नुसतं बसायचं, तंबाखू मळायची आणि माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची. "बालाजी, खड्डा चुकवायचा आसतो, त्येच्यात बसायचं नसतं."

आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी ज्या कंपनीत जायचो, ती त्यांच्याच वावरात उभी होती. काटा तर बरोबर बांधाच्या आत. पहिल्याच दिवशी गार्डने शिट्टी मारली, "ड्रायव्हर, क्लीनर, खाली उतरा." तात्या जागचे हलले नाहीत. म्हणाले, "ज्या वावरात आमी अनवानी फिरलो, तिथं ह्यो शिट्टीवाला आमाला उतर म्हननार? न्हाई उतरत. काय लिव्हायचं त्ये लिव्ह."

गार्ड वानखेडे समजूतदार माणूस. त्याने डोकं चालवलं. रिकाम्या वजनाला तात्या आत, भरलेल्या वजनालाही तात्या आत, मग वजाबाकीत फरक काय पडतो? वहीत लिहायला लागला — 'तात्यासह'. गाडी रिकामी सतराशे चाळीस, तात्यांना धरून अठराशे पाच. म्हणजे तात्या पासष्ट किलो. अकरा वर्षं हेच चाललं. ते त्या जमिनीवर एकदाही उतरले नाहीत. पाण्याची बाटलीसुद्धा मीच भरून आणायची.

शेवटी आजारपणात त्यांनी गाडीचे कागद माझ्या नावावर केले. मी नको म्हणालो तर खेकसले, "मंग काय पोरींच्या सासरी धाडू व्हय?" दोन मुली, दोघी लांब दिलेल्या. दीड वर्षापूर्वी तात्या गेले. जाताना अगदी काडी झाली होती त्यांची, पन्नास किलोही नसतील. बापासारखा माणूस होता, एवढंच म्हणतो.

इकडे गाडीला तेरा वर्षं होत आली. पासिंगचा प्रश्न, क्लच गेलेला, उन्हाळ्यात केबिनमध्ये बसलं की आमटी शिजावी. रेखाने नवी गाडी घ्यायचा धोशा लावला. शोरूममधला माणूस तिला "वहिनी" म्हणायला लागला होता. जुनी द्या, नवी न्या. तिचंही चूक नव्हतं. माझं वय वाढतंय, कंबर बोलते. पण मी आपला आज-उद्या करत होतो.

"कशात अडकलायत एवढे?" रेखाने एकदा विचारलं.

"इंजिन चांगलंय गं अजून."

"इंजिनाचं मला नका सांगू. त्या डाव्या सीटवर तुम्ही अजून डबासुद्धा ठेवत नाही. मांडीवर घेऊन चालवता."

बायकोला सगळं दिसतं.

तर — तात्या गेल्यानंतरही वानखेडे सवयीने जुनाच आकडा उतरवत होता, मीही पावती न बघता खिशात घालत होतो. मग कंपनीत नवे साहेब आले. तरुण, हुशार, हातात टॅब. त्यांनी सगळ्या गाड्यांचे कागद तपासले आणि एका मंगळवारी मला बोलावलं. "तुमच्या गाडीचं रिकामं वजन सतराशे चाळीस. काट्यावर अठराशे पाच कसं?"

मी म्हटलं, "साहेब, ते तात्या बसायचे..." आणि माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलतोय ते.

पावत्या काढल्या. तात्या गेल्यापासूनच्या सगळ्या. अठराशे पाच, अठराशे पाच, अठराशे पाच.

त्या दिवशी घरी येऊन मी गाडी उकरली. डिझेल मोजलं, स्टेपनी काढली, ताडपत्री, दोर, जॅक, सगळं बाहेर. सीटखाली तीन दसऱ्यांच्या नारळाच्या करवंट्या आणि तात्यांची चुन्याची डबी निघाली. चेसिसखाली चिखल साचला असेल म्हणून सर्व्हिसिंगला धुऊन घेतली. मोशीच्या खासगी काट्यावर नेली. सतराशे चाळीस! जिवात जीव आला. शुक्रवारी तीच गाडी, तशीच धुतलेली, कंपनीच्या काट्यावर लावली. अठराशे पाच.

काटा खराब म्हणावा, तर माझ्या पुढची गाडी बरोबर, मागची बरोबर. साहेबांनी तपासणीची वजनं ठेवून बघितली, किलोचाही फरक नाही. रेखाने लिंबू-मिरची बांधली, मी काढून टाकली, तिने परत बांधली. काट्याला काही फरक पडला नाही. तात्या आजारपणात एवढे खंगले, आणि काट्यावर परत पासष्ट! तब्येत सुधारली म्हणायची, असा वानखेडेने विनोद केला आणि लगेच वहीत डोकं घातलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, सकाळी अकराचा सुमार, लख्ख ऊन. साहेब स्वतः काट्यापाशी उभे. मी खाली उतरलो. त्यांनी केबिन बघितली, हौदा बघितला, एका माणसाला गाडीखाली झोपवून टॉर्च मारायला लावला. काही नाही. बोर्डावर लाल आकडे — अठराशे पाच.

"बालाजी भाऊ," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दगड कुठे लपवलेत ते तुम्ही सांगणार नाही. ठीक आहे. ही गाडी पुन्हा गेटच्या आत नको. नवीन गाडी घेऊन या, नाहीतर काम सोडा."

मागे चार गाड्या उभ्या. सगळे ड्रायव्हर ओळखीचे. बावीस वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं हो. नवी गाडी तर मी घेणारच होतो आज ना उद्या. पण अशी? चोर ठरून? तात्यांची गाडी चोराची म्हणून गेटवरून परत जाणार?

मला काय झालं कुणास ठाऊक. तरातरा गेलो, काट्याबाहेर उभं राहूनच डावा दरवाजा उघडला आणि ओरडलो, "तात्या, उतरा! माझी अब्रू चाललीय इथे!"

कुणीतरी मागे हसलं. बोर्ड तसाच, अठराशे पाच.

मला स्वतःचीच लाज वाटली. त्या शिट्टीवाल्यासारखाच ओरडलो होतो की मी! अकरा वर्षं या माणसाला मी कधी उतरा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तर असं. पायात ठरलेले सेफ्टी शूज होते, ते काढले. का काढले विचारू नका. अनवाणी उभा राहिलो — काट्याबाहेरचं सिमेंट तापलेलं, पाय भाजत होते — आणि हात पुढे केला, आजारपणात त्यांना उतरवायला करायचो तसा.

म्हटलं, "तात्या, चुकलं माझं. जागा तुमचीच आहे. कुणाचा हुकूम नाही. सावकाश उतरा."

गाडी हलली. किंचित. कुणी उतरलं की स्प्रिंग वर येते, तेवढीच. ड्रायव्हर लोकांना हे डोळे मिटूनही कळतं. मी बोर्डाकडे बघितलं नाही, मला वानखेडेचा चेहरा दिसला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

सतराशे चाळीस.

साहेब बोर्डाकडे बघत राहिले. मग टॅबवर आकडा घातला आणि हळू आवाजात म्हणाले, "माल भरून घ्या." बाहेर पडताना भरल्या गाडीचं वजन झाल्यावर मी पुन्हा डावा दरवाजा उघडून थांबलो. "बसा तात्या, निघायचं." मागच्याने हॉर्न वाजवला तरी थांबलो. गाडी हलली नाही. एकटाच निघालो. मोशीपर्यंत रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. असं होतं का कुणाला?

तेव्हापासून प्रत्येक पावतीवर सतराशे चाळीस. साहेबांनी स्वतःहून सांगितलं, हीच गाडी चालू द्या, माझी हरकत नाही.

म्हणजे आता नवी घ्यायची सक्ती राहिली नाही. आणि तेव्हाच मला खरा प्रश्न पडला. क्लच बदलून, पासिंग करून जुनी अजून पाच वर्षं ओढता आली असती. विकली तर तात्यांना विकल्यासारखं होईल का? रेखा म्हणाली, "मला विचारू नका. माईंना विचारा."

माई म्हणजे तात्यांच्या मंडळी. महाळुंग्यातच असतात. मी गेलो, चहा झाला, आणि घाबरत घाबरत सगळं सांगितलं. म्हातारीला त्रास होईल अशी भीती होती. माईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकदम म्हणाल्या,

"उतरलं? त्ये?"

"हो माई."

"आरं, म्या जलमभर सांगत हुते. आवो, एकडाव उतरून बगा तरी, आपल्या वावराचं काय झालंय. माजं न्हाई आयकलं. आन् तुजं आयकलं व्हय!" रागावल्याच त्या! मग हसल्या, मग पदर डोळ्याला लावला. "इक ती गाडी. ज्येला जायचं हुतं त्ये पोचलं. तू कशाला मांडीवर डबा घिऊन फिरतो?"

डब्याचं रेखानेच पुरवलं असणार. या बायकांचा फोन कधी बंद असतो!

दसऱ्याला नवी पिकअप आली. एसी आहे, स्टेअरिंग एका बोटाने फिरतं, कंबर आशीर्वाद देते. जुनी एक्स्चेंजमध्ये गेली. देताना मी बोनेटला हात लावून नमस्कार केला, शोरूमचा माणूस बघत होता, बघू दे.

माझ्या इंजिनीअर मेहुण्याचं म्हणणं आहे की काट्याखालच्या सेन्सरमध्ये काहीतरी गडबड असणार. असेल बाबा. पण ती गडबड एकाच गाडीला कशी होते, आणि हात पुढे करून "उतरा" म्हटल्यावर थांबते कशी, हे त्यालाही सांगता येत नाही. मला तर नाहीच येत. तुमच्यापैकी कुणी काट्याच्या कामातला असेल तर सांगा, मी ऐकून घेईन.

नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला माई म्हणाल्या, मला बी यायचंय. साहेबांना विचारलं, त्यांनी स्वतः गेटवर येऊन पास दिला. काट्यावर गाडी लावली. वानखेडेने शिट्टी तोंडाला लावली आणि परत खिशात ठेवली. मी जाऊन डावा दरवाजा उघडला, हात दिला. माई चपला गाडीतच ठेवून खाली उतरल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेडकडे बोट करून म्हणाल्या, "हितं आमची कांद्याची चाळ हुती." आम्ही काट्यावरून बाजूला झाल्यावर बोर्डावर आकडा आला, नव्या गाडीच्या कागदावर आहे तेवढाच, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही.

माई थोड्या पुढे गेल्या. तिथे कुणी नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी घरात बोलावं तशा म्हणाल्या, "आवो, बरं केलंत, उतरलात."