फौजेच्या कपड्यांचा कारखाना आणि आम्ही वाचवणारे

आमच्या समितीच्या बैठकीतून निर्णय कधीच निघत नाही. किस्से मात्र शिवणकामाचे दोरे चिकटावेत तसे अंगाला चिकटून घरी येतात.

मी समितीत शिरले तीच चुकून. नांदेडात आमच्या घरामागं निजामाच्या काळातला, फौजेचे कपडे शिवणारा कारखाना बंद पडून आहे. तो पाडून कॉम्प्लेक्स होणार, असं कळलं. आमच्या तान्ह्या ओवीला धुळीनं खोकला होतो. पाडताना पाणी तरी मारा, एवढंच सांगायला मी बैठकीला गेले आणि 'कारखाना बचाव समिती'ची सचिव होऊन परत आले. नवऱ्यानं विचारलं, "मग धुळीचं काय ठरलं?"

*

पहिल्या सभेला गंगाबाई नायगावहून एसटीनं आल्या. कारखान्यात जन्मभर कॉलरी शिवलेल्या. कारखाना वाचतोय असा निरोप मिळाला, म्हणून डबा आणि कात्री घेऊन आलेल्या. आमचे अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना समजावत बसले की मशिनी चालणार नाहीत, इथं म्युझियम होईल, लोक बघायला येतील.

"म्हंजे मी नुसतं बसायचं अन् लोकायनं बघायचं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मांडीवरच्या ओवीकडं.

*

म्युझियमला निदान एक वर्दी हवी. गंगाबाई आणि खिसे शिवणारे शकीलचाचा लगेच तयार झाले. पुढच्या बैठकीला पिशवीतून देखणी कॉलर निघाली, देखणा खिसा निघाला.

"आणि शर्ट?" मी विचारलं.

चाचा म्हणाले, "तो पुढच्या टेबलावर व्हायचा, बेटा."

*

मग सरकारी साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांनी 'जुनी वास्तू' असा शेरा मारला तर कारखाना वाचणार, नाहीतर जेसीबी. पाहुणा येणार म्हटल्यावर समितीचं पहिल्यांदाच एकमत झालं. भेगा बुजवल्या. काळ्या दगडी भिंतींना गुलाबी ऑइलपेंट दिला. झिजलेल्या पायऱ्या सिमेंटनं सरळ करून त्याही रंगवल्या. मला शंका आली होती. पण एवढी वडीलधारी माणसं, आणि मला तर ओवीला स्वेटर घालावा की नाही हेही ठरवता येत नाही. गप्प बसले.

साहेब आले. आत फिरले, बाहेर फिरले, पुन्हा दारात आले.

"बांधकाम छान आहे. जुना कारखाना कुठंय?"

गंगाबाई म्हणाल्या, "ह्योच की साहेब. तुमी येनार म्हनून नवा करून ठेवला."

साहेब हळूच पायरीवर टेकले.

रंग अजून ओला होता.