वाहक म्हणजे कंडक्टर

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, पण माणूस मला ओळखता येतो. रक्त तपासणारी ती बाई ओळखायला मात्र वेळ लागला.

आमच्या जामसरच्या पाड्यावर ती आली ती मापं घेतच. कुणाची उंची, कुणाचा दंड, कुणाचं डोकं. मी म्हटलं, "बाई, डोक्याचं माप घेता, टोपी शिवणार काय?"

"शिवली तर पहिली तुम्हाला, बाबा."

मग विचारत बसली, आजी कुठल्या पाड्याची, सून कुठून आणली. आमच्या डोंगरातल्या लोकांच्या रक्तातून पिढ्यानपिढ्या काय चालत आलंय, ते ती शोधत होती. सिकलसेल म्हणून आजार आहे. रक्तातले कण विळ्यासारखे वाकतात, हातपाय ठणकतात, लेकरं वाळत जातात.

बोट टोचायचं म्हटल्यावर मी हात मागं घेतला. वाटलं, आता विनवण्या करील. ती म्हणाली, "नका देऊ. मर्जी तुमची," आणि पुढच्या घरी गेली. मला रागच आला. आजवर पाड्यावर किती साहेब आले, पण मर्जी कुणी विचारली नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन बोट पुढं केलं. नातीलाही नेलं.

निकाल घेऊन ती परत आली. आम्हा दोघांना बाजूला बसवून म्हणाली, "तुम्ही दोघंही वाहक आहात."

"मी कधी एसटीत नव्हतो," मी म्हटलं. जव्हारच्या गाडीत कंडक्टरच्या सीटवर तोच शब्द लिहिलेला असतो.

ती हसली, पण मला हसली नाही. "बरोबर, बाबा. कंडक्टर दुसऱ्याला तिकीट देतो, स्वतः उतारू नसतो. तसा तुम्हाला आजार नाही, पण लेकरांना देऊ शकता. आई-बापांपैकी एकच वाहक असला तर लेकरू फार तर वाहक होईल. दोघंही असले, तर एखाद्याला दोन्हीकडून मिळतं. ते आजारी पडतं."

माझ्याच तोंडचा शब्द उचलून तिनं सगळं समजावलं. एवढी शिकलेली बाई, पण मला अडाणी वाटू दिलं नाही.

नातीचं लग्न मोखाड्याकडं ठरलेलं. शब्द मी दिलेला. म्हटलं, हे तिकडं बोलायचं नाही.

बाई म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं का, ते हिनं ठरवायचं."

नात म्हणाली, "आजा, शब्द तुजा, लेकरं माजी. त्याचं रगत तपासल्याबिगर मी जात नाय."

हा हट्ट कुणाकडून आला, ते कळायला बोट टोचायची गरज नव्हती.

पोरीनं जाऊन बोलण्यापेक्षा मीच गेलो. म्हटलं, आमची पोर वाहक आहे. व्याही म्हणाला, "पोर कंडक्टर? मग आम्हाला एसटीचा पास मिळंल कं?" ओटीवर बसलेले सगळे हसले. मी नाही हसलो. बाईनं सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. मग हसू विरलं.

"म्हणजे पोरीत खोट हाय," कुणीतरी पुटपुटलं.

"खोट असती तर लपवली असती. मी चालत सांगाय आलोय."

विहीण चुलीपासून ओरडली, "भांडता कशाला? पोराला बोट हाय ना? टोचा मंग."

बाई मोखाड्याला गेली, रक्त नेलं. निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत व्याह्याकडून निरोप नाही, माझ्याकडून नाही. नात नेहमीसारखी नागली दळायची. मी रोज रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचो.

निकालाच्या दिवशी मी तिथं हजर. बाईनं पोराला एकट्याला आत नेलं. मी आजा, तो बाप, दोघं म्हातारे बाहेर. मला राग आला, आणि बाईचा मोठेपणाही पटला. ज्याचं रक्त, त्याला आधी.

पोरगा बाहेर आला. "मी नाय वाहक."

व्याही माझ्याकडं बघेना. मीच म्हटलं, "पाव्हणं, भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचाय. पिठीला तांदूळ भिजत घाला."