मनकर्णानं वाचलेली नवी गोष्ट

पुणतांब्याच्या प्राथमिक शाळेत मनकर्णा बारा वर्षं खिचडी शिजवते. तिची स्वयंपाकाची खोली पहिलीच्या वर्गाला लागून, मधे नुसती जाळीची खिडकी. त्या खिडकीतून तिच्या कानावर मुक्ताबाई गोंदकरांच्या गोष्टी पडत आल्या. मुक्ताबाई श्रीरामपूरच्या निवृत्त शिक्षिका. लहान मुलांसाठी त्यांनी एवढं लिहिलं, की त्यांची चंपी शेळी ठाऊक नाही असं पोर आसपासच्या गावांत सापडायचं नाही. एसटीत बसून बाजाराला निघालेली चंपी, तिकिटावरून कंडक्टरशी हुज्जत घालणारी चंपी. तांदूळ निवडता निवडता मनकर्णाला सगळं तोंडपाठ झालं. वाढताना ती कंडक्टरचा आवाज काढून मुलांना गोष्ट सांगायची. निम्मी पोरं दुसऱ्यांदा ताट घेऊन यायची ती त्या गोष्टीसाठीच.

वाचता मात्र तिला येत नव्हतं. दुसरीत असताना धाकटा भाऊ झाला. त्याला सांभाळायला म्हणून ती घरी राहिली, ती राहिलीच.

यंदा डिसेंबरात मुक्ताबाईंना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. पहिली-दुसरीच्या रश्मीबाईंनी ठरवलं, त्या दिवशी एक मूल आणि गावातलं एक मोठं माणूस अशा जोड्यांनी पटांगणात बसून त्यांच्या गोष्टी वाचायच्या. खुद्द मुक्ताबाई ऐकायला येणार होत्या. मनकर्णाची जोडी लागली दुसरीतल्या संस्कृतीशी.

जुलैत पहिला सराव झाला. मनकर्णानं पुस्तक उघडलं आणि धडाधड सुरू झाली. संस्कृती पानाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, हे चंपीचं पान न्हाई. हे कासवाचं हाय."

मनकर्णाचे कान तापले. पुस्तक मिटून ती उठून गेली. पण दुपारी भांडी घासता घासता तिनंच पोरीला हाक मारली. "मला वाचता येत न्हाई गं. शिकवशील का?"

"व्हय. पन खाडा न्हाई करायचा," संस्कृती थेट रश्मीबाईंच्या सुरात म्हणाली.

रश्मीबाईंनी पाटी दिली, चुका दुरुस्त केल्या. रोज जेवणानंतर वीस मिनिटं तिघींचा वर्ग भरू लागला. घरी नवरा, कल्याण, हसला. "आता कुठं नोकरीला जायचंय?"

"कुटं न्हाई. चंपी कुटं गेली ते माज्या डोळ्यांनी बघायचंय."

मसाल्याच्या पुड्या, एसटीच्या पाट्या, दिसेल ते ती वाचू लागली. जोडाक्षरांनी मात्र लई छळलं.

वाढदिवसाला पटांगण सतरंज्यांनी भरलं. सरपंच नातीशेजारी, टेम्पोवाला लेकाशेजारी, सगळे पुस्तकात डोकं घालून. मुक्ताबाई खुर्चीत डोळे मिटून ऐकत होत्या. मग एकेक जोडी माईकवर वाचू लागली. मनकर्णाची पाळी आली. ती संस्कृतीला घेऊन माईकपुढे उभी राहिली, समोर चंपीचंच पान. तिनं पुस्तक मिटलं.

"ही मला पाठ हाय," ती म्हणाली. "पुस्तक उलटं धरलं तरी म्हनून दाखवीन. ते काय वाचन न्हाई. कधी ऐकली न्हाई अशी एखादी द्या."

मुक्ताबाईंनी डोळे उघडले, पिशवीत हात घातला आणि ठळक अक्षरांत टाईप केलेले दोन कागद काढले. "अजून छापलेली नाही. घ्या."

गोष्ट म्हशीची होती, नदीत आपलंच तोंड बघून घाबरणाऱ्या. पहिल्या ओळी मनकर्णानं बोट ठेवून काढल्या. चौथ्या ओळीत ती अडली. संस्कृतीनं तोंड उघडलं, तसा मुक्ताबाईंनी हात वर केला. "सांगू नकोस. त्यांना येईल."

"आ... श्च..." मनकर्णानं घाम पुसला. "र्य. आश्चर्य. म्हशीला आश्चर्य वाटलं."

पुढं बोट सुटलं. म्हैस पाण्यातल्या म्हशीला म्हणाली, "आधी तू सरक, मग मी सरकते," आणि सगळं पटांगण हसलं. मनकर्णा दचकली. तिनं आवाज काढला नव्हता, नक्कल केली नव्हती. नुसतं कागदावरचं वाचलं होतं. आणि पुढं काय होतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते बघायच्या घाईत शेवटचा कागद कधी संपला, तिला कळलं नाही.

मुक्ताबाई काठी टेकत तिच्यापाशी आल्या. "लिहिताना या म्हशीचा आवाज मला ऐकू आला नव्हता," त्या म्हणाल्या. "आज आला."

मुलं "परत, परत" म्हणू लागली. मनकर्णानं गोष्ट पहिल्यापासून पुन्हा वाचली. त्या दिवशी खिचडी रश्मीबाईंनी आणि सरपंचांनी वाढली.