कोळशाने काढलेली पाठ

लग्न होऊन आदिलाबादकडच्या भीमपूरजवळच्या गावात आले तेव्हा माझ्या पेटीत दोन पेन्सिली आणि एक खोडरबर होतं. ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. माहेर भैंसा या गावचं, वडिलांचं तिथं छोटंसं कापडदुकान. कॅलेंडरवरचे देव मी हुबेहूब उतरवायची, पण समोर बसलेला जिवंत माणूस काही जमायचा नाही. देव हलत नाही. माणूस मान वळवतो, कूस बदलतो, आणि काढलेली रेघ खोटी पडते. मग मी खोडायला घ्यायची, इतकं की कागद फाटायचा. माझाच माझ्या हातावर भरवसा नव्हता.

सासरी आम्ही तिघंच: नवरा, सासू आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या बोलायच्या कमी, बघायच्या फार. मी पेन्सिल घेऊन बसले की माहेरी चिठ्ठी लिहून त्यांच्या तक्रारी कळवते, असं त्यांना वाटायचं. मी कागद पुढे करून दाखवायची. त्या चित्र बघायच्या, कागद उलटा करून मागची बाजू बघायच्या, आणि परत द्यायच्या.

पेन्सिली संपल्या आणि गावातल्या दुकानात नव्या मिळेनात. तेव्हा मी चुलीकडे वळले. आमच्याकडे सरपण पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांच्या काड्यांचं. अर्धी जळालेली काडी राखेत दाबून विझवली की मऊ, काळाभोर कोळसा व्हायचा. तो पेन्सिलीसारखा बोटांत धरून दाबला की मोडायचा. म्हणून आडवा धरायचा आणि हात खांद्यापासून फिरवायचा. त्याने डोळे-पापण्या काढणं शक्यच नव्हतं. बसलेल्या बाईचा भार कुठल्या कुल्ल्यावर आहे, पाठ कुठे वाकली आहे, एवढंच निघायचं. चुकलं तर फडक्याने पुसायचं. पुसूनही मागे फिकट रेघ राहायची, आणि तिच्याकडे बघून नवी रेघ कुठे हवी ते कळायचं. चूक कागदावर राहिली तरी चालते, हे मला पहिल्यांदाच समजत होतं. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू एकेक करून भरू लागल्या. नंतर वाटीत गेरू कालवून कापसाच्या बोळ्याने अंगावरची सावली भरून पाहिली. बोळ्याला टोक नसतं, त्यामुळे भीतीही कमी वाटायची.

शेजारची बाई दुपारी आमच्या अंगणात सरकी निवडायला यायची. आत्याबाईंपेक्षा थोडी लहान, त्यांना अक्का म्हणायची. एक दिवस ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी कोळशाने तिची पाठ काढली. उजवा खांदा सावलीत होता, म्हणून तिथं कोळसा बोटाने चांगला घासला. तिने जाताना चित्र पाहिलं, हसली, तोंड कुठं गेलं म्हणून विचारलं आणि घरी गेली.

आठवड्याभरात तिचा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी सुनेला घालून द्यावी लागे. ती आत्याबाईंकडे आली. मी स्वयंपाकघरात होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, माह्या खांद्यावर कोळसा काऊन घासला तुह्या सुनेनं? अन् तोंड काऊन नाही काढलं?"

आत्याबाईंनी तिला दारापर्यंत पोचवलं.

आमच्या भागात तेव्हा भानामती हा शब्द हळू आवाजात बोलायचे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला झटके येऊ लागले, की कुणाचं तरी नाव निघायचं. नाव निघालेल्या बाईचं पुढे काय होतं, ते मी भैंशात असतानाच ऐकलं होतं. आता विहिरीवर मी गेले की बाया बोलायच्या थांबत. माझ्याकडे पाठ करून कोणी उभी राहत नसे. घागर भरून होईपर्यंत सगळ्या माझ्या हातांकडे बघत. चूल झाडताना आत्याबाई राखेत काडी घालून काहीतरी शोधतात, हेही मी पाहिलं. नवऱ्याने मला चित्रं बंद करायला सांगितलं. त्याला माझा संशय येत होता की लोकांची भीती वाटत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी कोळसा सोडला, चित्र सोडलं नाही. समोर बसायला कोणी नव्हतं, तेव्हा आपलेच पाय काढू लागले. मधे माहेरी जाऊन आले तेव्हा शाईच्या वड्या आणल्या होत्या, आणि बांबूच्या कामटीचा बोरू मी स्वतः तासला. शाई खोडता येत नाही, पुसताही येत नाही. म्हणून आधी बघायचं. घोट्याचं हाड कुठे संपतं, टाच जमिनीला कुठे टेकते, हे नीट पाहून झालं की मगच बोरू टेकवायचा आणि मधे न थांबता ओढायचा. सुरुवातीला रेघ कापरी यायची. महिन्याभरात रेघ सरळ जाऊ लागली. पण शेजारणीच्या खांद्याचा विचार मलाही सोडत नव्हता. पाय काढून झाला की मी तो हलवून बघायची.

एका सकाळी आत्याबाईंनी ओसरीवरचं गोणपाट उचललं, दाराबाहेर गल्लीत टाकलं आणि त्यावर जाऊन बसल्या.

"काढ माहं," त्या म्हणाल्या. "आख्ख्या गल्लीसमोर. मले पाह्यचं हाय काय होते ते."

मी आत वळले तर मागून म्हणाल्या, "कोळसा नको आणू. पुसता येते, मंग त्यात काही बी करता येते. शाईनं काढ."

हा माझ्यावरचा विश्वास नव्हता, परीक्षा होती. बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. शेजारीणही आली, दुखरा हात पोटाशी धरून. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. मग कपाळापासून सुरुवात करून मान, खांदे, मांडीवर टेकलेले हात असं खाली उतरत गेले. बोरू फक्त शाईत बुडवण्यापुरता उचलला. रेघ कुठेही कापरी झाली नाही. आत्याबाईंनी चित्र हातात घेतलं, नाक आपलं नाही म्हणाल्या आणि सगळ्यांना दाखवायला दिलं.

पुढचे दिवस अख्खी गल्ली त्यांच्यावर डोळा ठेवून होती. त्या रोज विहिरीवर जात, रोज वेचणीला येत, नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत. मला त्याचाच संशय आला. आजवर कधी मोठ्याने न बोलणारी बाई आता का बोलते? वावरात कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडून माझ्याकडे देताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला, तो तव्यासारखा तापलेला होता. मी त्यांना बांधावर बसवलं आणि किती दिवसांचा ताप म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, चित्र काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

"मग सांगितलं काऊन नाही, आत्याबाई?"

"सांगतलं असतं त कोणाचं नाव निंघालं असतं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. हे माझ्यामुळे नाही, असं त्यांना खरंच वाटतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्याच म्हणाल्या की यंदा डास लय झाले, आदिलाबादच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेऊ, घरी विचारलं तर साडी घ्यायला चाललो असं सांगायचं. आम्ही तसंच केलं. हिवताप निघाला, गोळ्यांनी उतरला. गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही. नवऱ्यालाही आम्ही सांगितलं नाही. नव्या साड्या मात्र खरंच घेतल्या, नाहीतर त्याचाही संशय आला असता.

शेजारणीचा खांदा पुढच्या उन्हाळ्यात हळूहळू सुटला. ती पुन्हा सरकी निवडायला येऊ लागली, पण भिंतीला टेकून, तोंड माझ्याकडे करून बसायची. त्यामुळे मला चेहरे काढायची सवय लागली. नव्वदनंतर आम्ही इचोड्याला राहायला गेलो. तिथं धाब्यावर जेवणारे ट्रकवाले, भाजीवाल्या बाया, बसची वाट बघणारी माणसं मी उघड्यावर बसून थेट काढायची. कोळसा, गेरू, शाई, जे हाताशी असेल ते चालायचं. काढण्याआधी मी प्रत्येकाला विचारायची. काही जण नको म्हणायचे. मी कारण विचारत नसे.

त्या तापाबद्दल आत्याबाई आणि मी पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनीही पुन्हा कधी माझ्यासमोर बसून चित्र काढून घेतलं नाही.