आई-वडील किंवा सासू-सासरे

"गरीब माणसं हायेत. जरा सवलतीत बघा ह्यांचं. आपलेच हायेत."

हे माझे व्याही बोलले. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात, विम्याच्या खिडकीपुढं, मागं उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. ते ऐकलं आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. मान खाली.

मी गरीब नाही. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी. अहमदपूरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झालो. नांदेडला बियाण्यांच्या कंपनीत लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. कुणाचा फुकटचा चहा प्यालो नाही.

निवृत्तीच्या वेळी कंपनीतल्या माणसानं मला नीट सांगितलं होतं. "कंपनीचा विमा आता संपतोय. स्वतःच्या नावावर पुढं चालू करून घ्या. आत्ता केलं तर जुन्या दुखण्याच्या खर्चासाठी परत काही वर्षं थांबावं लागणार नाही."

मी छाती फुगवून म्हणालो, "कशाला? पोरगा हाय माझा, पुण्याच्या कंपनीत."

पोरानं फोनवर सांगितलं होतं, "अण्णा, टाकतो तुमची नावं." टाकतो. टाकली, असं तो कधी म्हणाला नव्हता. मीही विचारलं नाही. पोटच्या पोराला काय विचारायचं?

तर त्या खिडकीवरच्या पोरीनं पोराच्या विम्याचा नंबर टाकला आणि म्हणाली, "काका, यात आई-वडलांची नावं नाहीत. सासू-सासऱ्यांची आहेत."

"नीट बघा, बाई."

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. व्याह्यांचं नाव. खाली विहीणबाईंचं.

व्याही तिथंच होते. लातूरला त्यांचं धान्याच्या अडतीचं दुकान. डॉक्टर ओळखीचा, म्हणून आमच्यासोबत आले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी मी नंबर सांगेपर्यंत गप्प उभे राहिले.

"न्हाई सांगितलं का जावयानं?" ते म्हणाले. "एकच जोडी बसती म्हणं त्यात. आई-वडील, न्हाईतर सासू-सासरे. मीच म्हणलं त्याला, तुमच्या लोकांना सरकारी कार्ड असतंयच की. फुकटात! आमाला कोण देतंय?"

आणि हसले.

तुमच्या लोकांना. पोरांनी आपलं आपण जमवलेलं लग्न. मोठ्या मनानं मान्य केलं म्हणून त्यांचं गावभर कौतुक झालं होतं. लग्नात तो शब्द त्यांनी गिळला होता. खिडकीपुढं बाहेर आला.

पोराला फोन लावला. "अण्णा, तिच्या पप्पांनी फ्लॅटला हातभार लावलाय. नाही म्हणता आलं नाही. सांगणारच होतो तुम्हाला."

बायको म्हणाली, "चला घरी. आता दुखून न्हाई राहिलं." खोटं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हाच व्याह्यांनी खिडकीवरच्या पोरीला ते सवलतीचं सांगितलं. आणि मी काय केलं? हात जोडले. म्हणालो, "मेहेरबानी, मालक."

पाव्हणं नाही. मालक. माझा बाप ज्यांच्याकडं सालगडी होता, त्यांना म्हणायचा तो शब्द. मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो. कुठून आला? तोंडात तयारच होता.

"असूंद्या, असूंद्या," व्याही म्हणाले.

लिहिताना आजही कानशिलं तापतात. पोरावर रागावता येतं, व्याह्यांना शिव्या देता येतात. त्या माझ्या तोंडाचं काय करू?

बायको बाकड्यावर बसली. मग म्हणाली, "त्येला मालक म्हणलात तुम्ही."

"तुझ्यासाठी म्हणलो."

"माझ्या नावावर नगा खपवू. मला खडे झालेत. मी लाचार न्हाई झाले."

मी उठलो. परत खिडकीवर गेलो. "सवलत काढा. आमचं नावच काढून टाका."

"अवो पाव्हणं, येडं लागलंय का?" व्याही धावत आले. "बाईमाणसाचा जीव हाय!"

"जीव आमचा हाय. आन् सरकारी दवाखाना मला फुकट न्हाई. माझ्या पगारातनं दर साली टॅक्स कापून घेतलाय. तुमच्या अडतीत किती कापतेत, ते तुम्हालाच ठावं."

हेही मागच्यांना ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. या खेपेला माझ्यावर नाही.

ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. खाट मिळायला वेळ लागला. झालं मात्र चांगलं. पण खरं सांगतो, तिथंही मी तोंडाला रुमाल बांधून बसत होतो. कंपनीतलं कुणी बघेल म्हणून. बाप ज्या दवाखान्याच्या दारात उघड्या तोंडानं बसायचा, तिथं मी झाकून बसलो. एका खिडकीवर शहाणपण आलं म्हणून लाज लगेच जात नसते.

मग आम्हा दोघांचा विमा घ्यायला गेलो. मला जुनी शुगर आहे, तेही एजंटला सांगितलं. एजंट म्हणाला, "काका, पोराच्या कंपनीत का नाही टाकत?"

"न्हाई टाकत."

"बरं. मग शुगर लिहू नका. हप्ता वाढतो."

"लिहा. माझी शुगर लिहा, तिचं ऑपरेशन लिहा. लपवून घेतलेला विमा ऐन वेळी पाठ दाखवतो."

हप्ता जड आहे. शुगरपायी काही झालं तर तीन वर्षं एक रुपया मिळणार नाही. निवृत्त होताना छाती फुगवली, त्याची ही किंमत. ती माझी मीच भरतोय.

पोराच्या कंपनीत विम्याची नावं बदलायची वेळ आली तेव्हा पोराचा फोन आला. "अण्णा, या वर्षी त्यांची काढतो. तुमची टाकतो."

"काढू नको. त्यांचंही वय झालंय. राहू दे."

"आणि तुमचं?"

"आमचं आम्ही घेतलंय. शुगरला तीन वर्षं मिळत नाही, एवढंच. परत विचारायचं नाही."

"या तीन वर्षांत काही झालं तर?"

"सरकारी रांगेत उभा राहीन. तोंड उघडं ठेवून."

त्यानं विचारलं, "राग हाय का, अण्णा?"

"हाय," म्हणालो, आणि फोन ठेवला.